त्याग करा, तिरस्कार नको



दशलक्षण पर्व संपून आठवडा झाला. पारणी झाली, क्षमावाणीचे फोन झाले, मोठी पातेली पुन्हा माळ्यावर गेली. आता जरा भांडायला मोकळी झाले आहे. क्षमा मागून हात खाली आले नाहीत तोच ही भांडण काढते, म्हणून हसाल. पण मनात ठेवून कुढण्यापेक्षा बोललेलं बरं.

उत्तम त्यागाच्या दिवशी दुपारी आमच्या बस्तीत महिला मंडळाचा कार्यक्रम होता. त्यात एका भगिनीचा सत्कार झाला. वर्षभर त्यांनी घरात तेल-तुपाचा थेंब येऊ दिला नव्हता. पाण्याची फोडणी, कोरडी भाकरी, साय काढलेलं दूध, चटणीसुद्धा कोरडीच. "मी एकटीच नाही, आमच्या घरात सगळेच. दीड वर्षाचा नातूसुद्धा," असं त्या अभिमानाने म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "खरंच की, चरबी म्हणजे विषच."

मी टाळी वाजवली नाही. शेजारच्या वहिनींनी कोपराने ढोसलं, तरी नाही वाजवली. त्या भगिनीच्या मनाच्या निर्धाराबद्दल मला आदर आहे, हे आधीच सांगते. पण त्या टाळ्यांत दीड वर्षाच्या पोराच्या ताटावरही टाळी पडली, ती मला बोचली. कारण हाच पराक्रम मी स्वतः सात वर्षांपूर्वी करून बसले आहे.

तेव्हा आमच्या ह्यांना हृदयाचा त्रास झाला, स्टेंट घालावा लागला. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी मी तेलाचा डबा आणि तुपाची बरणी कामवाल्या बाईंना देऊन टाकली. अपराधी सापडला असं मला वाटलं होतं. ह्यांच्या खिशातली तंबाखूची पुडी आणि ऑफिसातून येताना रोज आणलेली खारी-फरसाण या दोघी खऱ्या अपराधी समोर उभ्या होत्या, पण मी पकडलं बरणीतल्या तुपाला. घरच्याला धरणं सोपं असतं ना!

दीड वर्ष घरात कोणालाच काही मिळालं नाही. सासूबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांना सगळे अक्का म्हणायचे. त्यांची कातडी कोरडी पडून खाज सुटायची, शौचाला त्रास व्हायचा, भाकरी घशाखाली उतरायची नाही. एक दिवस ताट पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "मी सोडलं तर त्याग गं बाई. तू ताटातनं काढून घेतलंस, त्याला काय म्हणायचं?" मी तेव्हा रागावले. आणि नातू, वर्षाचा झाला तेव्हापासून माझ्याच हातचं खायचा. त्याच्या वजनाची रेघ तक्त्यावर वर चढायची ती आडवी झाली. मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आजी, याला खायला काय घालता?" मी मोठ्या तोऱ्यात यादी सांगितली. नाचणी, मुगाचं वरण, मऊ भात, भोपळा, साय काढलेलं दूध. त्यांनी विचारलं, "आणि तूप?" मी म्हटलं, "घरात आणतच नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

मी कॉमर्सची पदवीधर. शास्त्राशी संबंध दहावीपर्यंतचा. पण त्या दिवसानंतर मी नातसुनेच्या वयाच्या पोरींची जीवशास्त्राची पुस्तकं मागून आणून वाचली, चष्मा लावून, वहीत टिपणं काढून. जे कळलं ते आज तुमच्यापुढे मांडते. पटलं तर घ्या.

पहिली गोष्ट शब्दाची. "चरबी" म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो, आणि ते बरोबरच आहे. 1983 साली वनस्पती तुपात आयात केलेली जनावरांची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं, तेव्हा मी नवी नवरी होते. पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात बाहेरची मिठाई आली नाही. जीव मारून काढलेली चरबी आपल्याला वर्ज्य, तिथे वादच नाही. पण त्या किळसेच्या भरात आपण सगळ्याच स्निग्धाला एका माळेत ओवून टाकलं. पुस्तकात या सगळ्या घराण्याला लिपिड म्हणतात. शेंगतेल त्यातलं, तूप त्यातलं, मधमाशीचं मेण त्यातलं, सफरचंदावरची आणि कोबीच्या पानावरची ती पाणी न धरणारी चकाकी त्यातलीच. पाण्यात विरघळायचं नाही, हा या घराण्याचा सामाईक स्वभाव. आणि तुमच्या-माझ्या अंगातली प्रत्येक पेशी त्याच्याच कुंपणात राहते.

हे कुंपण कसं कळलं ती गोष्ट ऐका, कारण तिची सुरुवात एका गृहिणीच्या मोरीत झाली आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइग गावी आग्नेस पॉकेल्स नावाची बाई होती. जन्म 1862 चा. विज्ञानाची फार ओढ, पण त्या काळी तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. आजारी आई-वडिलांची सेवा आणि घरकाम, हेच तिचं आयुष्य. भांडी घासताना तिला दिसायचं की खरकट्या पाण्यावर तेलाचा तवंग आला की पाण्याचा वरचा ताण बदलतो. आपल्यालाही रोज दिसतं, पण आपण नळ सोडून मोकळ्या होतो. तिने पत्र्याचं एक पसरट भांडं केलं, त्यावर सरकणारी पट्टी बसवली, तराजू लावला आणि तवंग दाबला की काय होतं ते वर्षानुवर्षं मोजत बसली. 1891 साली तिने इंग्लंडच्या लॉर्ड रॅली या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. त्यांच्या शिफारशीने ते पत्र 'नेचर' मासिकात छापून आलं.

पुढे तसल्याच भांड्याची सुधारलेली आवृत्ती वापरून 1925 साली हॉलंडच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी लाल रक्तपेशींतला मेद पाण्यावर पसरला. पेशींच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि पसरलेल्या तवंगाचं क्षेत्रफळ यांचा मेळ घातला, तर तवंग दुप्पट भरला. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन थर आहेत! ताळेबंद जुळवून काढलेला निष्कर्ष. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला तो लगेच पटला.

आता हे दोन थर उभे कसे राहतात? साधं तेल किंवा तूप म्हणजे ग्लिसरीनचा एक कणा आणि त्याला लटकलेली मेदाम्लांची तीन लांब शेपटं. पेशीच्या कुंपणात जो मेद असतो, त्याला शेपटं दोनच. तिसऱ्या जागी फॉस्फेटचं डोकं असतं आणि त्या डोक्याला पाणी आवडतं. शेपटांना पाणी अजिबात आवडत नाही. पाण्यात सोडलं की हे कण आपोआप दोन रांगांत उभे राहतात. डोकी बाहेर पाण्याकडे, शेपटं आत एकमेकांकडे तोंड करून. जत्रेत अनोळखी गर्दी आली की आपण बायका पोरांना मधे घेऊन गोल करून उभ्या राहतो ना, तसं. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. हे कुंपण केसाच्या जाडीच्या दहा हजार पटींहूनही पातळ असतं. आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं, ते सगळं याच कुंपणातल्या दारांतून चालतं.

झाडाच्या पानातली पेशी घ्या, मुंगीची घ्या, गाईची घ्या, माणसाची घ्या. सगळ्यांना मेदाचं कुंपण आहे. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत देहाची मांडणी या एका गोष्टीवर टेकलेली आहे. मी देहाबद्दल बोलते आहे, पुद्गलाबद्दल. आत्म्याला कुंपण नाही, हे मला ठाऊक आहे. पण आत्मा ज्या घरात राहून साधना करतो, त्या घराच्या भिंतीला विष म्हणताना जीभ जरा आवरली पाहिजे.

इथे कोणीतरी म्हणेल, तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितलंच आहे की पुद्गलांचा बंध स्निग्ध आणि रूक्ष गुणांमुळे होतो, म्हणजे आपल्या आचार्यांना हे सगळं आधीच माहीत होतं. नको गं बाई! त्या सूत्राचा विषय वेगळा आणि खोल आहे. प्रयोगशाळेतली प्रत्येक गोष्ट आपल्या ग्रंथात घुसडून आपण ग्रंथही लहान करतो आणि प्रयोगही. स्निग्ध हा शब्द आपल्याकडे शिवी म्हणून आलेला नाही, एवढंच मी तिथून घेते.

पुढची गोष्ट उपवासाची, आणि माझ्या सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे.

परवा आपल्यातल्या कितीतरी जणींनी अष्टोपवास केले, काहींनी दहाही केले. नुसत्या पाण्यावर. त्या दिवसांत तुम्हाला कोणी चालवलं? श्रद्धेने, हे खरंच. पण देहाच्या वहीत खर्च कुठून पडला? आपल्या शरीरात रोकड आणि ठेव अशी दोन खाती असतात. रोकड म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर, ग्लायकोजेन. त्यातली यकृतातली साधारण एका दिवसात बहुतेक संपते. मग शरीर ठेव मोडतं. ती ठेव म्हणजे चरबी. मेदाचे कण फुटतात, मेदाम्लं रक्तात येतात, हृदय आणि स्नायू त्यांच्यावर चालतात. मेंदूला मेदाम्लं थेट वापरता येत नाहीत, म्हणून यकृत त्यांचे कीटोन नावाचे लहान तुकडे करून त्याला पुरवतं. मूल चावू शकत नाही म्हणून आई भाकरी दुधात कुस्करून देते, तसं.

हिशेबच मांडते. एक ग्रॅम साखरेतून किंवा प्रथिनातून 4 उष्मांक मिळतात, एक ग्रॅम मेदातून 9. अंगातल्या एक किलो चरबीत सुमारे 7700 उष्मांक असतात. दहा किलो चरबी म्हणजे 77 हजार. दिवसाला दीड हजार खर्च धरला तर पन्नास दिवस. हीच शक्ती ग्लायकोजेनच्या रूपात साठवायची तर त्याच्याबरोबर तिप्पट पाणीही धरून ठेवावं लागतं, आणि ओझं होतं 75 किलोच्या आसपास. एका बाईच्या पाठीवर दुसरी बाई! बीसुद्धा असाच हिशेब करतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल का असतं? कोंबाला पहिलं पान फुटेपर्यंतची शिदोरी हलकी आणि भरपूर असावी म्हणून.

हे पन्नास दिवस कागदावरचे आहेत, बरं का. प्रत्यक्षात उपवासात स्नायूही झिजतात, क्षारांचा तोल बिघडू शकतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची गोळी असणारीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोठे उपवास करू नयेत. पण मुद्दा लक्षात घ्या. जिला आपण वर्षभर शिव्या घालतो, तिच्याच जिवावर आपण भाद्रपदात तप करतो. पारण्याला सगळ्यांचे आभार मानतो, तिचे मात्र कोणी मानत नाही.

लहान मुलाकडे या. आईच्या दुधातल्या उष्मांकांपैकी जवळजवळ निम्मे स्निग्धातून येतात. निसर्गाने बाळाला वाढलेलं पहिलं ताट असं आहे, आणि आपण आज्या त्याला साय काढलेलं दूध पाजतो! मेंदूतलं पाणी बाजूला काढलं तर उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त मेद असतो. नसांवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, तेही मुख्यतः मेदाचं. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं. त्यामुळे संदेश भरभर जातो. हे वेष्टण सगळ्यात वेगाने चढतं ते पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या मुलाचा मेद तोडू नये, असं बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात. माझ्या नातवाच्या वरणभातात पुन्हा तूप पडलं, वरून शेंगदाण्याचं बारीक कूट आलं, दूध सायीसकट आलं आणि चार महिन्यांत ती आडवी रेघ उठून चालायला लागली. आज तो आठ वर्षांचा आहे, मला कॅरममध्ये हरवतो. पण तक्त्यावरची ती आडवी रेघ माझ्या नावावर आहे.

मायलिनचा विषय निघाला म्हणून आणखी एक. बी-12 जीवनसत्त्व कमी पडलं की हे वेष्टण झिजायला लागतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरायला होणं. आपण मांस-अंडी खात नाही, त्यामुळे आपल्याला बी-12 मिळतं ते दूध-दह्यातून. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दूध आणि दही या दोन्ही रसांचा कायमचा त्याग केला, आणि तीन वर्षांनी मुंग्यांनी हैराण झाल्या. त्यांचा नियम मोडला नाही, डॉक्टरांनी औषध दिलं आणि बऱ्याच सावरल्या. नियम घ्या, पण रक्त तपासून घ्या, एवढंच म्हणणं.

आणि जीवनसत्त्वं अ, ड, इ, के, ही चारही मेदात विरघळणारी. आपण गाजर खात नाही, चातुर्मासात पालेभाज्याही कितीजणी सोडतात. मग अ जीवनसत्त्वासाठी उरला लाल भोपळा, पपई, आंबा. तो भोपळा पाण्यात उकडून कोरडा खाल्ला तर त्यातला नारिंगी रंग पोटातून बराचसा तसाच निघून जातो. चमचाभर तेलाची फोडणी त्याला अंगाला लागू देते. आपल्या आज्यांनी भोपळ्याच्या भाजीला फोडणी काही उगाच दिली नव्हती.

आता दुसऱ्या बाजूला वळते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही तूपवाल्याकडून पैसे घेऊन लिहिते आहे!

मी आता बरणीची पूजा करत नाही. "घरचं लोणकढं तूप आहे, कितीही खा, काही होत नाही" म्हणणाऱ्या बायकाही मला तितक्याच चुकीच्या वाटतात. तुपातला निम्म्याहून जास्त मेद संपृक्त असतो. म्हणजे त्याची शेपटं सरळसोट. सरळ शेवग्याच्या शेंगा जुडीत कशा घट्ट बसतात, तशी ही शेपटं एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून तूप थंडीत गोठतं. शेंगतेल, करडई, तीळ यांतल्या बऱ्याच शेपटांना मधेच वाक असतो, जुडी घट्ट बसत नाही, म्हणून ते पातळ राहतात. संपृक्त मेद जास्त झाला की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, आणि ते धमन्यांत बसतं. यात शंका घेण्यासारखं काही उरलेलं नाही.

कोलेस्टेरॉलवरूनही आपल्याला किती फसवतात बघा. तेलाच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात "कोलेस्टेरॉल-फ्री" छापतात आणि आपण दहा रुपये जास्त देऊन घेतो. अहो, शेंगेच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलात नाव घेण्याजोगं कोलेस्टेरॉल कधी नसतंच! मिठाच्या पुड्यावर "साखर नाही" लिहिण्यासारखं आहे हे. आणि कोलेस्टेरॉल काही परका चोर नाही. आपल्या शरीरातलं बरंचसं आपलं यकृतच बनवतं. त्यापासून अन्न पचवणारं पित्त होतं, बाईचं बाईपण सांभाळणारी संप्रेरकं होतात, उन्हात बसलो की कातडीत ड जीवनसत्त्व होतं. लग्न ठरलं म्हणून उपाशी राहून वाळणाऱ्या मुलींची पाळी का बंद पडते, हे त्यांच्या आयांनी डॉक्टरांना जरूर विचारावं. भांडण कोलेस्टेरॉल असण्याशी नाही, ते बेहिशेबी वाढण्याशी आहे.

खरा शत्रू हवाच असेल तर तो सांगते. वाकड्या शेपटांच्या तेलात हायड्रोजन घालून ती दामटून सरळ करायची, म्हणजे तेल तुपासारखं गोठतं आणि टिकतं. हेच वनस्पती तूप. या दामटण्यात काही शेपटं अर्धवट, विचित्र सरळ होतात. त्याला ट्रान्स फॅट म्हणतात. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, दोन्हीकडून मार. सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा 2021 साली 3 टक्के आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के केली. पण रस्त्यावरच्या कढईत तेच तेल दिवसभर उकळत असेल तर तिथे कोणता नियम जाऊन बसणार? आमच्या ह्यांची खारी तिथूनच आली होती. मी तिला सोडलं आणि तुपाला फाशी दिली.

मग किती खायचं? सरकारच्या पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला साधारण 20 ग्रॅम आणि पुरुषाला 25 ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. मी जुनी खर्चाची वही काढली. तेव्हा घरात मोठी माणसं पाच. तेलाचा 15 किलोचा डबा अडीच महिन्यांत संपायचा, म्हणजे महिन्याला 6 किलो. वर दीड किलो तूप. एकूण साडेसात किलो. भागिले पाच, भागिले तीस. माणशी रोज 50 ग्रॅम! दुप्पट! आधी दुप्पट आणि नंतर एकदम शून्य, हा माझा कारभार. बी.कॉम.ची पदवी भिंतीला टांगून मी हे केलं. आता आम्ही मोठी माणसं चार, आणि महिन्याचं तेल-तूप मिळून पावणेतीन किलोच्या आत. माणशी 23 ग्रॅमच्या आसपास. त्यातलं बहुतेक तेल, तूप चमचाभरच. तळण सणालाच. नातवाला आणि बाळंतिणीला वेगळा हिशेब.

आणि जवस विसरू नका. लिनोलेइक आणि अल्फा लिनोलेनिक ही दोन मेदाम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती खाऊनच मिळवावी लागतात. पहिलं आपल्या तेलांत पुष्कळ असतं. दुसऱ्यासाठी लोक मासे सुचवतात, ते आपल्याला नकोत. पण जवसात सुमारे 40 टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त हेच असतं. आपल्या घरची बिनलसणाची जवसाची चटणी, रोज चमचाभर.

आता मूळ भांडणाकडे येऊन संपवते.

रसपरित्याग हे सहा बाह्य तपांतलं एक तप आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ. मुनिमहाराजांच्या आहारात आपण चौका लावतो तेव्हा आज कोणता रस सोडला आहे हे आपण आदराने विचारतो. त्यांना तूप विष वाटतं म्हणून ते सोडत नाहीत. तूप चांगलं आहे, जिभेला हवं आहे, देहाला उपयोगी आहे, हे जाणून ते सोडतात. म्हणून तर तो त्याग. कचरा बाहेर टाकला तर त्याला कोणी त्याग म्हणत नाही. ज्या दिवशी आपण तुपाला विष म्हटलं, त्या दिवशी आपल्या तुपाच्या त्यागाची किंमत आपणच शून्य केली. वजनकाट्यासाठी सोडलं तर त्याला पथ्य म्हणा, खुशाल करा, त्यात लाज नाही. पण पथ्याला त्यागाचा हार घालू नका.

आणि त्याग आपल्या ताटातला असतो. दीड वर्षाच्या मुलाने नियम घेतलेला नसतो. ऐंशीच्या सासूने घेतलेला नसतो. पोटुशी सून तर दोन जीवांची असते. त्यांच्या ताटातलं आपण काढून घेतलं तर ते त्यांचं तप होत नाही आणि आपलं तर नाहीच नाही. अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना वेळेत दिलं नाही. नंतर त्यांच्या भाकरीवर पुन्हा तुपाची धार पडायला लागली, पण त्या पुढे वर्षभरच होत्या. एकदा खाता खाता म्हणाल्या, "आता मी चतुर्दशीला सोडते तूप. आता सोडायला आहे." मला त्या दिवशी उत्तम त्याग कळला.

म्हणून पुढच्या पर्वात सत्कार करायचाच असेल तर त्या बाईचा करा, जिने स्वतःच्या भाकरीवरचं तूप काढून नातवाच्या भातावर घातलं. मी पहिली टाळी वाजवीन.

लिहिताना जिभेला धार आली असेल, कोणाला लागलं असेल, तर उत्तम क्षमा. जवसाच्या चटणीचं प्रमाण पुढच्या वेळी देते.

जय जिनेंद्र.